काट्याने काटा, आवाजाने आवाज

बिनतारी इअरबड्सच्या खोक्यावर हल्ली एक आकडा ठळक छापलेला असतो : ‘४० डेसिबलपर्यंत गोंगाट कमी’. वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, आवाजात आणखी आवाज मिसळला तर तो वाढायला हवा, कमी कसा होईल?” प्रश्न रास्त आहे. त्याच्या पालकांचा प्रश्न अधिक व्यवहाराचा असतो : इतके पैसे मोजून आणलेली ही वस्तू रोजच्या ऐकण्यात कितपत कामाची? आम्ही दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, तेव्हा ती या कल्पनेच्या इतिहासातच सापडली. इतिहास नव्वद वर्षांहून जुना आहे आणि त्यातली बरीच वर्षे अपयशाची आहेत.

दोन लहरी एकमेकींना पुसून टाकू शकतात, हे थॉमस यंगने १८०१ च्या सुमारास प्रकाशाबाबत मांडले. ध्वनीलाही ते लागू पडते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी, एकाच जागी आले, की तिथली हवा जागच्या जागी राहते. या तत्त्वाला यंत्राचे रूप देण्याचा विचार केला तो पॉल ल्यूग या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने. जानेवारी १९३३ मध्ये त्याने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेतले पेटंट त्याला ९ जून १९३६ रोजी मिळाले. त्यातल्या आकृत्या आजही दहावीच्या विद्यार्थ्याला कळतील अशा आहेत. एका नळीतून आवाज येतो आहे, वाटेत मायक्रोफोन तो टिपतो, विजेच्या रूपात तो पुढे धावतो आणि मूळ लहर पोहोचायच्या आत लाउडस्पीकर तिची उलटी लहर सोडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, वीज त्याच्या कितीतरी पुढे. ल्यूगचा सारा हिशेब या शर्यतीवर होता.

कागदावर सगळे चोख होते. पण ते प्रत्यक्षात उतरेना. का, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. उलटी लहर नेमक्या वेळी आली नाही, समजा लहरीच्या एक षष्ठांशाइतकी मागेपुढे झाली, तर गोंगाट जराही कमी होत नाही. चूक त्याहून मोठी झाली, तर तो उलट वाढतो. आता १०० हर्ट्झचा घुमणारा आवाज घ्या. त्याची एक लहर १/१०० सेकंदाची, म्हणून षष्ठांश म्हणजे १/६०० सेकंद. अंतरात मोजले तर लहरीची लांबी ३.४ मीटर आणि षष्ठांश अर्ध्या मीटरहून थोडा अधिक. इथे चुकायला वाव आहे. पण ३००० हर्ट्झचा आवाज घेतला, की हीच मर्यादा १/१८,००० सेकंदावर आणि दोन सेंटिमीटरच्याही आत येते. डोके किंचित हलवले तरी गणित फसले! आणि ही झाली नुसती काठावर पास होण्याची अट. आवाजाचा दाब दहाव्या हिश्शावर (म्हणजे २० डेसिबलने खाली) आणायचा, तर चूक लहरीच्या साठाव्या भागापलीकडे जाता कामा नये. ४० डेसिबलसाठी ती सहाशेव्या भागाच्या आत हवी. खोक्यावरचा आकडा खोटाच असतो असे आम्ही म्हणत नाही. तो कोणत्या कंपनसंख्येला मोजला, हे मात्र खोके सांगत नाही.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. दोन सारखे छोटे लाउडस्पीकर घ्या, दोघांना एकच गाणे द्या आणि एकाच्या दोन तारा उलट जोडा. तोंडाला तोंड लावून ठेवले, की तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, झांजेची किणकिण मात्र शिल्लक राहते. आता दोघांना मीटरभर दूर करा, डग्गा परततो. “मग ऊर्जा गेली कुठे?” असे कुणी विचारलेच तर (आणि विचारावे), दोन पडदे समोरासमोर असताना एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ती ओढून घेतो, बाहेर लहर जातच नाही, हे सांगता येईल.

हाच धडा पुढच्या संशोधकांना मोकळ्या हवेत मिळाला. विल्यम कॉनव्हर यांनी १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव मारण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. निवड हुशारीची होती. ट्रान्सफॉर्मर विजेच्या दुप्पट कंपनसंख्येने गुणगुणतो : अमेरिकेत १२० हर्ट्झ, आपल्या गावातल्या डीपीजवळ १०० हर्ट्झ, आणि त्यांच्या पटी. रोज तोच, ठरलेला सूर. ट्रान्सफॉर्मरसमोर लाउडस्पीकर मांडून कॉनव्हरनी तो एका दिशेला बराच कमी केलाही; पण शांततेचा पट्टा अरुंद होता. त्याच्या बाहेरच्या शेजाऱ्याला फायदा नाही, कुठे तर आवाज वाढलेला. शिवाय वारा आणि तापमान बदलले की जुळणी पुन्हा करायची.

एव्हाना एक गोष्ट स्पष्ट होत होती. सारे अंगण शांत करण्याच्या भानगडीत न पडता फक्त कानाजवळची मूठभर हवा शांत केली तर? हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे या आरसीए कंपनीतल्या दोघांनी १९५३ मध्येच तसे उपकरण वर्णिले होते : लाउडस्पीकरच्या अगदी पुढ्यात मायक्रोफोन, आणि त्याभोवती शांततेचा लहानसा गोळा. प्रवाशाच्या आसनामागे, डोक्याशी ते बसवावे अशी त्यांची कल्पना होती. त्याच दशकात विलार्ड मीकर यांनी अमेरिकी हवाई दलासाठी हे तंत्र कर्णरक्षकात आणण्याचे काम केले. अंतर सेंटिमीटरवर आल्याने अर्धा प्रश्न सुटला. पण निर्वात नळ्यांचे अवजड प्रवर्धक घेऊन कोण हिंडणार? उरलेला अर्धा प्रश्न ट्रान्झिस्टर आणि पुढे एकात्मिक मंडल येईपर्यंत थांबला.

१९७८ साली अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे हे चिरंजीव, एमआयटीत प्राध्यापक आणि स्वतःची ध्वनियंत्रांची कंपनी चालवणारे. विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेलेले. विमान उतरेपर्यंत त्यांनी प्राथमिक आकडेमोड पुरी केली होती, असे सांगतात. पुढचे काम मात्र एका प्रवासात झाले नाही. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कुठेही न थांबता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या कानांवर बोस यांचे प्रायोगिक हेडसेट होते. नऊ दिवस इंजिनाशेजारी बसून श्रवणशक्ती कायमची गमावण्याचा धोका होता. वैमानिकांसाठी ते बाजारात आले १९८९ मध्ये, तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशांसाठी २००० साली. सोनीने २०१७ मध्ये आणि ॲपलने २०१९ मध्ये हे सारे बिनतारी इअरबडमध्ये बसवले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोहोचतो, मग गोंगाट वेळेवर कसा पुसला जाईल, असे काही शिक्षकांनी आम्हाला विचारले. उत्तर असे की गोंगाट पुसण्याच्या कामात ब्लूटूथचा संबंधच येत नाही. मायक्रोफोन, गणित करणारी चिप आणि पडदा तिन्ही त्या गोळीतच असतात. ब्लूटूथ फक्त गाणे आणते. तो उशीर जाणवतो चित्रफितीत, ओठ आणि शब्द यांचा मेळ चुकला तर.

आता पारखण्याकडे वळू. ल्यूगपासूनचा सारा इतिहास सांगतो, की विजेची ही युक्ती खालच्या, एकसारख्या आवाजांवर चालते : पंखा, एसटीचे इंजिन, पाण्याचा पंप. वरचे आवाज अडतात ते कानात बसलेल्या रबरी बोंडाने, अगदी कापसाच्या बोळ्यासारखे. म्हणून दुकानात पहिली परीक्षा बोंडाची. सोबत दोन-तीन मापे येतात, ती सगळी लावून पाहावीत. फट राहिली तर गोंगाट आत येतोच, शिवाय गाण्यातला डग्गाही पातळ होतो. दुसरी परीक्षा गाणे न लावता, पूर्ण वेगातल्या पंख्याखाली. सोय चालू-बंद करून घुमारा किती उतरतो ते ऐकावे. कुकरच्या शिट्टीवरून किंवा शेजाऱ्याच्या बोलण्यावरून वस्तूला नापास करणे अन्यायाचे होईल.

तिसरी परीक्षा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोंगाटात गाणे ऐकू यावे म्हणून आपण आवाज चढवतो, आणि कानाचे नुकसान होते ते त्या चढवण्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा. ९० डेसिबलचा फक्त ४ तास. तेव्हा खोक्यावरचे ४० डेसिबल विसरावेत आणि सोय चालू केल्यावर आपण गाणे किती पायऱ्या खाली आणले, एवढेच मोजावे. खाली आणलेच नाही, तर कानाच्या दृष्टीने पैसे वाया गेले. रस्त्यावर चालताना मात्र सोय बंद ठेवावी, कारण मागून येणाऱ्या ट्रकची घरघर ही नेमकी तिच्या तावडीत सापडणारी असते.

आम्ही ही तिसरी परीक्षा एसटीत घेतली, मागच्या चाकावरच्या आसनावर बसून. फोनवरच्या पंधरा पायऱ्यांपैकी अकरावर असलेले गाणे सातवर आणूनही स्वच्छ ऐकू येत होते. गाणे थांबवले, तेव्हा इंजिन जणू पुढच्या गावी गेलेले. शेजारच्या काकांचे फोनवरचे जमिनीच्या वाटणीचे बोलणे मात्र शब्दन् शब्द कळत होते.