बंद पडलेला संघ आणि केली अमाँटी

आज एका परक्या खेळाची गोष्ट सांगते. खेळाचं नाव लॅक्रॉस. काठीच्या टोकाला छोटी जाळी असते. त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळत न्यायचा आणि गोलात मारायचा. पळताना चेंडू पडू नये म्हणून काठी सारखी झुलवावी लागते. या झुलवण्याला तिकडे पाळण्यावरूनच नाव पडलं आहे, म्हणजे आपल्याला हे काम नवं नाही!

मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. मुलींचा लॅक्रॉस मात्र १८९० मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स या शाळेत सुरू झाला. १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर या बाईंनी तो अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका मुलींच्या शाळेत रुजवला. पुढे १९७२ मध्ये कायदा आला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. त्याचा फायदा खेळांनाही झाला. १९८२ पासून कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय लॅक्रॉस स्पर्धा सुरू झाली.

पण कायदा असला तरी संघ टिकतोच असं नाही. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९९२ मध्ये मुलींचा लॅक्रॉस संघ बंद केला. उरला फक्त हौशी क्लब. विद्यापीठाच्या नावाने खेळायचं स्वप्न घेऊन आलेल्या मुलींनी काय करायचं?

त्याच सुमारास मेरिलँड विद्यापीठात केली अमाँटी नावाची मुलगी मैदान गाजवत होती. तिचा भाऊ टोनी बर्फावरच्या हॉकीतला नामवंत खेळाडू. केलीच्या संघाने १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. तिच्या प्रशिक्षक सिंडी टिमचल आधी नॉर्थवेस्टर्नमध्येच शिकवत होत्या, हा योगायोग मला फार आवडतो.

नॉर्थवेस्टर्नने संघ पुन्हा उभा करायचं ठरवलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणून केलींना बोलावलं. २००२ मध्ये संघ मैदानात उतरला. पहिल्या हंगामात जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. नावाजलेल्या खेळाडू बंद पडलेल्या संघाकडे कशाला येतील? मग केलींनी हाताशी असलेल्या मुलींकडे पाहिलं. विद्यापीठाच्या आवारात दोन जुळ्या बहिणी त्यांच्या नजरेस पडल्या. दोघींनी लॅक्रॉस कधी खेळलेला नव्हता, पण अंगात चपळाई होती. केलींनी त्यांना संघात घेतलं.

२००५ मध्ये हा संघ २१ सामने खेळला आणि २१ही जिंकला. अंतिम सामन्यात व्हर्जिनियाला १३-१० असं हरवलं. तोवर विजेतेपद पूर्वेकडच्याच कॉलेजांकडे जायचं.

विजेत्या मुलींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. राष्ट्राध्यक्षांसोबतच्या फोटोत काहींच्या पायात साध्या रबरी चपला दिसल्या आणि वर्तमानपत्रांत गहजब झाला. सगळा हंगाम न हरता जिंकला, पण चर्चा कशाची, तर चपलांची! मुलींनी त्या चपलांचा लिलाव केला आणि मेंदूच्या गाठीशी झुंजणाऱ्या एका छोट्या मैत्रिणीसाठी पैसे दिले.

पुढे २००९ पर्यंत दरवर्षी विजेतेपद त्यांचंच. २०१० मध्ये अंतिम सामन्यात त्यांना हरवलं ते मेरिलँडने, म्हणजे केलींच्याच जुन्या कॉलेजाने. पुढच्याच वर्षी त्याची परतफेड झाली, अवघ्या एका गोलाने. २०१२ मध्येही चषक त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर मात्र अकरा वर्षं तो मिळाला नाही. केली तिथेच राहिल्या, नव्या मुली घडवत. २०२३ मध्ये बोस्टन कॉलेजला १८-६ असं हरवून त्यांच्या मुलींनी आठवं विजेतेपद मिळवलं.