कुरवंजीने गायलेला भूगोल

‘ई.टी.’ चित्रपटावरून अटारीने १९८२ साली घाईघाईने काढलेला व्हिडिओ गेम आपटला. माध्यम बदलताना गोष्टीतला जीव हरवण्याचे याहून जुने उदाहरण तंजावरच्या मराठीत आहे. तमिळ कुरवंजी नाट्यात डोंगरातली कुरवंजी विरहिणी नायिकेचा हात पाहून प्रियकर भेटेल असे सांगते. सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांनी हा लाडका साचा उचलला. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ती इंद्राणीला जगाचा भूगोल गाऊन ऐकवते. शाळा काढणाऱ्या राजाचा हेतू मोठाच. पण देशांच्या नावांत विरह विरतो, आणि वाचणारा (निदान मी) कंटाळतो. त्याच राजावरची तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या देवळात वर्षानुवर्षे नाचली गेली. मराठी नाटक सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली छापले.