अंडं हललं की वर्ष लागतं

“खबरदार!”

मागून आरोळी येते आणि तुम्ही दचकून भिंतीला चिकटता. घाबरू नका, कुणी धमकावत नाहीये. लादलेली गाढवं येतायत, बाजूला व्हा, एवढंच तो सांगतोय. कोळशाच्या पोत्याची खरखरीत कड तुमच्या दंडाला घासून जाते.

तुम्ही तेहरानच्या बाजारात उभे आहात, 1880 च्या सुमाराला. गादीवर नासिरुद्दीन शाह आहे आणि नवरोज आठवड्यावर आलाय. डोक्यावर विटांच्या घुमटांचं छप्पर आहे. घुमटांना वर झरोके आहेत, त्यांतून उन्हाचे खांब तिरके उतरतात आणि त्यांत धूळ तरंगत राहते. फारसी येत नाही म्हणता? नुसते कान उघडे ठेवा. दुकान, मेवा, बदाम, पिस्ता, अंजीर... निम्मा बाजार तुम्हाला आपोआप कळतो.

वळणावर तांबटांची आळी लागते आणि ठणठणाटाने कान बधिर होतात. जरा थांबा, हे बघण्यासारखं आहे. एका मोठ्या पातेल्यात वाळू घालून एक पोरगा अनवाणी उभा राहिलाय. हात भिंतीला टेकवून तो कमरेतून गर्रकन डावीकडे वळतो, मग उजवीकडे. पायाखालची वाळू करकरते, जुना थर सुटतो. मग उस्ताद तेच पातेलं निखाऱ्यांवर तापवतो आणि नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर भसकन नाकात चढतो, डोळ्यांत पाणी येतं. कथलाचा तुकडा वितळतो, उस्ताद त्यावरून कापसाचा बोळा फिरवतो आणि तळ चांदीसारखा लखलखतो. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवला ना? वास अगदी तोच. सण तोंडावर आलाय, घरोघरची भांडी इथे येऊन पडलीयेत.

घरी चला. इथली आजी तुम्हाला पाहुणा म्हणून नुसती बसू देईल असं समजू नका. या साफसफाईला म्हणतात ‘खाने-तकानी’, म्हणजे घर झटकणं. अंगणात गालिचे टांगलेत. काठी हातात घ्या आणि बडवा. वर्षभराची धूळ तुमच्या घशात जाते. कोर्सीही आता निघणार. बुटकं चौकोनी मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर भलीमोठी रजई. सगळं घर हिवाळाभर तिच्यात पाय घालून बसलेलं असतं. ती हलली की खोली एकदम मोठी आणि गार वाटायला लागते.

रात्री चुलीवर समनू चढतं. मोड आणलेले गहू कुटून काढलेला रस आणि पीठ, बस्स. साखरेचा कणही नाही. बायका आळीपाळीने तासन् तास घोटत राहतात आणि पळी फिरवताना मनातली इच्छा मनातच बोलतात. कुरडयांचा चीक घोटलेल्या हातांना हे काम नवं नाही. पहाटेकडे रंग तपकिरी होतो. बोटावर घेऊन चाखा. गव्हाच्या पोटात एवढा गोडवा कुठे दडला होता, कोण जाणे!

वर्षाच्या शेवटच्या बुधवारची आदली संध्याकाळ झाली की गल्लीत काटेरी झुडपांचे ढीग रांगेने पेटतात. पळत या आणि उडी मारा! पोटऱ्यांना झळ लागते, केस करपल्याचा वास येतो. आपला पिवळा फिकेपणा आगीला द्यायचा आणि तिची लाली मागून घ्यायची. दारोदार तोंड झाकलेल्या आकृत्या वाडग्यावर चमचा बडवत फिरतायत. शब्द बोलायचा नाही, मूठभर सुका मेवा मिळेपर्यंत हलायचं नाही. आजी एका मडक्यात कोळसा, मीठ आणि एक नाणं घालते. प्रत्येक जण ते डोक्यावरून ओवाळतो आणि शेवटचा गच्चीवरून खाली भिरकावतो. फट्! गेली वर्षाची इडापिडा.

आणि आता खरी गोष्ट. इथलं वर्ष मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयालाही नाही. सूर्य वसंतसंपातावर येतो त्या नेमक्या क्षणी ते लागतं, मग तो क्षण भर दुपारी येवो की अपरात्री. मुंबईचे पारशी 21 मार्चच्या सुमाराला जमशेदी नवरोज करतात, तो याच संपाताचा सण. ज्योतिषी गणित मांडून वेळ सांगतात आणि सारं शहर त्या वेळेकडे डोळे लावून बसतं. मला या सणातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे एकत्र वाट बघणं.

यंदा तो क्षण पहाटेचा आहे. नव्या कपड्यांची खळ मानेला टोचतेय. सणासाठी अंथरलेल्या चादरीभोवती सगळे मांडी घालून बसलेत. मेणबत्त्या, कुराण, हिरवेगार गव्हांकुर, वाडग्यात समनू, आणि मधोमध आडव्या आरशावर एक रंगवलेलं अंडं. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या फण्यावर, इथे ती बैलाच्या शिंगावर. वर्षभर भार वाहून दमलेला बैल या क्षणी तिला दुसऱ्या शिंगावर घेतो, आणि तेव्हा आरशावरचं अंडं हलतं, असं आजी सांगते.

पोरं चिडीचूप. निखाऱ्यावर इस्पंद नावाच्या झुडपाचे दाणे तडतडतात, कडवट धूर पसरतो. तुमचेही डोळे अंड्यावर खिळलेत, श्वास कधी रोखलात ते कळलंच नाही.

धडाम! शाही किल्ल्यावरून तोफ उडते. तावदानं थरथरतात, ज्योती लवतात.

“हललं!” धाकटी किंचाळते. आणि खरंच, तुम्हीही बघितलंत.

आजी कुराणाच्या पानांतून एक कोरं नाणं काढते आणि तुमच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवते. धातू गार आहे. तिची बोटं उबदार आहेत, त्यांना अजून समनूचा वास येतोय.