प्रकाश, पोकळी आणि पैज : आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

सूर्याचा प्रकाश अवकाशातूनच पृथ्वीपर्यंत येतो, तर मग ते अवकाश काळे का दिसते? पृथ्वी गोल आहे, तर शांत पाण्याचा विस्तीर्ण पृष्ठभाग सपाट का भासतो? या दोन्ही प्रश्नांत डोळ्यांना दिसणारे आणि विज्ञान सांगते ते यांच्यात विरोध असल्याचे प्रथमदर्शनी वाटते. पृथ्वी सपाट मानणाऱ्यांचा सारा युक्तिवाद याच विरोधावर उभा असतो. ‘जे दिसते तेच खरे’ हे त्यांचे प्रमाण आहे. त्यांच्याशी वाद घालणारा अभ्यासक बहुधा असे गृहीत धरतो की, एक निर्णायक पुरावा समोर ठेवला की वाद संपेल.

हे गृहीतक कितपत टिकते याची कसोटी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये लागली. चार्ल्स डार्विन यांच्याबरोबर १८५८ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३–१९१३) यांचा उपरोक्त दोन्ही प्रश्नांशी प्रत्यक्ष संबंध आला. पृथ्वीच्या आकाराविषयी त्यांचे म्हणणे पूर्णतः बरोबर होते, तरीही तो वाद त्यांना मिटवता आला नाही. आकाशाच्या रंगाविषयी त्यांचे म्हणणे अर्धे चुकीचे होते, तरीही तो प्रश्न कोणत्याही कलहाविना सुटला. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. काळोखाचा प्रयोग : जानेवारी १८७०

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी २१ जानेवारी १८७० रोजी धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. अंधाऱ्या खोलीत सोडलेला प्रकाशाचा झोत बाजूने पाहणाऱ्याला दिसतो, कारण हवेतील धूलिकण तो प्रकाश इतस्ततः विखुरतात. टिंडल यांनी त्या झोताखाली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत धरली, तेव्हा झोतामध्ये काळ्या धुरासारखी वलये उठताना दिसली. वस्तुतः तो धूर नव्हता. ज्योतीमुळे त्या भागातील हवा धूलिरहित झाली होती, आणि प्रकाश विखुरणारे काही न उरल्यामुळे तेथे काळोख दिसत होता. प्रकाश मात्र त्याच मार्गाने पूर्वीप्रमाणे जात होता. ताऱ्यांमधील पोकळीचा काळेपणा याच जातीचा आहे, असे टिंडल यांनी स्पष्ट केले.

अवकाश काळे का, या प्रश्नाचे मूलभूत उत्तर या साध्या प्रयोगात आले आहे. प्रकाश स्वतः दिसत नाही. तो थेट उगमापासून किंवा एखाद्या पदार्थावरून वळून डोळ्यांत शिरला तरच दिसतो. समुद्रसपाटीजवळच्या हवेत दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लक्ष कोटी कोटी रेणू असतात, तर पृथ्वीच्या कक्षेनजीकच्या ग्रहांदरम्यानच्या अवकाशात तेवढ्याच जागेत मोजके कण आढळतात. तेथे सूर्यप्रकाश विपुल आहे, परंतु त्याला पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे वळवणारे द्रव्य नाही. जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’चे अंतराळवीर चंद्रावर उतरले तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर होता, पायाखालची जमीन उजळलेली होती, आणि डोक्यावरचे आकाश काळे होते.

येथे आणखी एक प्रश्न वेगळा काढावा लागतो. विश्व अनंत व अनादी असेल आणि तारे सर्वत्र सारखे पसरलेले असतील, तर रात्रीचे आकाश सर्व दिशांनी तेजस्वी का नाही, हा प्रश्न जर्मन खगोलज्ञ ओल्बर्स यांच्या नावाने ओळखला जातो (१८२३). त्याचे उत्तर विश्वाच्या मर्यादित वयात व प्रसरणात आहे. सूर्याजवळचे अवकाश काळे का, याचे उत्तर मात्र द्रव्याच्या अभावात आहे. वादविवादात या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यास संभ्रम वाढतो.

३. पैजेची पार्श्वभूमी

टिंडल यांचे व्याख्यान झाले त्याच महिन्यात ‘सायंटिफिक ओपिनियन’ या नियतकालिकात एक आव्हान प्रसिद्ध झाले. एखाद्या जलाशयाच्या, नदीच्या किंवा कालव्याच्या पृष्ठभागाची वक्रता सिद्ध करून दाखवणाऱ्याशी जॉन हॅम्पडेन हे ५०० पौंडांची पैज लावण्यास तयार होते. हॅम्पडेन यांची श्रद्धा बायबलच्या शब्दशः अर्थावर होती. त्यांच्या मतांना आधार होता तो ‘पॅरॅलॅक्स’ या टोपणनावाने लिहिणारे सॅम्युअल बर्ली रोबॉथम यांच्या प्रतिपादनाचा. रोबॉथम यांनी १८३८ मध्ये पूर्व इंग्लंडमधील ‘बेडफर्ड लेव्हल’ या सखल प्रदेशातील सरळ कालव्यावर निरीक्षण केले होते. पाण्यापासून अवघ्या ८ इंचांवर डोळा ठेवून त्यांनी ६ मैल दूर जाणारी होडी पाहिली आणि ती अखेरपर्यंत दिसत राहिली, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

या निरीक्षणातील दोष तांत्रिक आहे. वक्रतेमुळे येणारा उतार पहिल्या मैलाला सुमारे ८ इंच असतो व पुढे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८ इंच उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज एक मैलावर असते आणि उरलेल्या पाच मैलांत सुमारे १६ फूट ८ इंच उतार पडतो. त्यामुळे होडी दिसू नये, हे खरे. परंतु पाण्यालगतच्या हवेच्या थरांत तापमान वेगाने बदलत असल्याने तेथे प्रकाशाचे अपवर्तन तीव्र असते. किरण पृष्ठभागाला धरून वाकतात आणि क्षितिजापलीकडची वस्तू वर उचलल्यासारखी दिसते. ‘दिसले’ हे खरे, पण ‘सरळ रेषेत दिसले’ हे सिद्ध झाले नव्हते.

वॉलेस यांनी तरुणपणी भूमापनाचे काम केले होते, त्यामुळे हा दोष त्यांच्या सहज लक्षात आला. आव्हान स्वीकारावे की नाही, याविषयी त्यांनी भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांचा सल्ला घेतला. प्रत्यक्ष दाखवून दिल्यास अशा लोकांचा आग्रह कदाचित थांबेल, या आशेने लायल यांनी अनुकूल मत दिले.

४. बेडफर्ड लेव्हलवरील प्रयोग

मार्च १८७० च्या आरंभी हा प्रयोग झाला. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श हे पंच होते आणि पैजेची रक्कम त्यांच्याकडे ठेव होती. वॉलेस यांच्या बाजूने कुल्चर नावाचे शल्यचिकित्सक, तर हॅम्पडेन यांच्या बाजूने मुद्रक विल्यम कार्पेंटर हे निरीक्षक होते. कार्पेंटर यांनी यापूर्वीच प्रस्थापित खगोलशास्त्राविरुद्ध लेखन केले होते. म्हणजे निरीक्षकांपैकी एकाची भूमिका अगोदरच ठरलेली होती.

प्रयोगाची योजना अत्यंत सुबोध होती. ओल्ड बेडफर्ड कालव्यावरील दोन पुलांमध्ये सुमारे ६ मैलांचे अंतर होते. वेल्नी येथील पुलाच्या कठड्यावर, पाण्यापासून सुमारे १३ फूट उंचीवर, दुर्बीण ठेवण्यात आली. दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर काळा पट्टा असलेले पांढरे कापड लावले. साधारण मध्यावर एक उंच खांब उभारून त्यावर दोन तबकड्या बसवल्या. वरची तबकडी पाण्यापासून तेवढ्याच उंचीवर होती व दुसरी तिच्याखाली ४ फुटांवर. पाणी सपाट असेल तर दुर्बीण, वरची तबकडी आणि काळा पट्टा ही तिन्ही एका रेषेत दिसली पाहिजेत. पाणी वक्र असेल तर मधली तबकडी पट्ट्याच्या वर दिसली पाहिजे. गणिताप्रमाणे तिचा उठाव ६ फूट येतो आणि अपवर्तनाची वजावट केल्यास तो सुमारे ५ फूट राहतो. सर्व दृष्टिरेषा पाण्यापासून उंच ठेवल्याने रोबॉथम यांच्या निरीक्षणातील दोषही टळला होता.

दुर्बिणीतून पाहता मधली तबकडी पट्ट्याच्या स्पष्टपणे वर दिसली. वॉल्श यांनी निरीक्षकांची रेखाचित्रे तपासून वॉलेस यांच्या बाजूने निर्णय दिला, रेखाचित्रे आपल्या साप्ताहिकात छापली आणि रक्कम वॉलेस यांच्या स्वाधीन केली.

५. एकच दृश्य, दोन अर्थ

या घटनेचा सर्वांत उद्बोधक भाग निर्णयानंतरचा आहे. काय दिसले याविषयी दोन्ही निरीक्षकांत मोठा मतभेद नव्हता. मतभेद होता तो अर्थाविषयी. पाणसळ लावून क्षितिजसमांतर केलेल्या दुसऱ्या दुर्बिणीत आडवी तार सर्वांत वर, तिच्याखाली मधली तबकडी आणि तितक्याच अंतरावर खाली दूरची खूण असे दृश्य दिसले. दोन्ही अंतरे समान आहेत, अर्थात तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आहेत आणि म्हणून पाणी सपाट आहे, असा कार्पेंटर यांचा दावा होता.

हा युक्तिवाद सकृद्दर्शनी पटण्याजोगा असल्यानेच त्याचे विश्लेषण आवश्यक ठरते. क्षितिजसमांतर रेषेपासून ३ मैलांवर उतार ६ फूट, तर ६ मैलांवर २४ फूट पडतो. अंतर दुप्पट झाल्यावर उतार चौपट होतो. परंतु दूरची वस्तू लहान दिसत असल्याने दुप्पट अंतरावरचा चौपट उतार डोळ्याला दुप्पटच भासतो. म्हणजे दुर्बिणीत पहिली खूण तारेखाली एक भाग आणि दुसरी दोन भाग दिसणार. ज्या समान अंतरांचा कार्पेंटर यांनी सपाटपणाचा पुरावा म्हणून उल्लेख केला, ती वक्रतेचीच खूण होती. पाणी खरोखर सपाट असते तर समान उंचीच्या त्या दोन्ही खुणा तारेवरच दिसल्या असत्या.

यावरून असे दिसते की निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये नेहमीच गणिताचा व गृहीतकांचा एक दुवा असतो. कोणते दृश्य दिसल्यास कोणता निष्कर्ष स्वीकारायचा, हे उभय पक्षांनी खूण न् खूण ठरवून आधीच लिहून ठेवले नव्हते. ती पोकळी पूर्वग्रहाने भरून काढली.

६. न्यायालयीन परिणाम

हॅम्पडेन यांनी निर्णय नाकारला आणि वॉलेस यांच्यावर फसवणुकीचे आरोप सुरू केले. त्यांनी वॉलेस यांच्या परिचितांना व संस्थांना निंदात्मक पत्रे पाठवली. पतीला मारहाण होईल अशी धमकी देणारे पत्र त्यांनी वॉलेस यांच्या पत्नीलाही लिहिले. १८७१ मध्ये अब्रुनुकसानीच्या दाव्यात वॉलेस यांना ६०० पौंडांची भरपाई मंजूर झाली, परंतु ती वसूल झाली नाही. हॅम्पडेन यांना तुरुंगवासही भोगावा लागला. त्यानेही त्यांचा आग्रह निवळला नाही.

१८७६ मध्ये ‘हॅम्पडेन विरुद्ध वॉल्श’ या खटल्यात क्वीन्स बेंच न्यायालयाने निराळ्याच मुद्द्यावर निकाल दिला. १८४५ च्या कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक होता आणि हॅम्पडेन यांनी रक्कम दिली जाण्यापूर्वीच ती परत मागितली होती. म्हणून ती त्यांना परत मिळणे प्राप्त होते. पृथ्वीच्या आकाराविषयीचा निष्कर्ष यामुळे बदलला नाही, पण जिंकलेली पैज कायद्याने हातची गेली आणि दाव्यांचा खर्च वॉलेस यांच्यावर पडला. १९०५ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे प्रकरण आपल्या आयुष्यातील अत्यंत खेदजनक घटनांत गणले असून त्याचा त्रास पंधरा वर्षे सोसल्याचे नमूद केले आहे.

७. धूळ की हवा : चुकीची दुरुस्ती

आता आकाशाच्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘द वंडरफुल सेंच्युरी’ (१८९८) या ग्रंथात वॉलेस यांनी धुळीच्या महत्त्वावर एक प्रकरण लिहिले. हवेत धूलिकण नसते तर दिवसाही आकाश काळे दिसले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. टिंडल यांचे प्रयोग आणि जॉन एटकेन यांचे धुके व ढग यांवरील संशोधन त्यांच्यासमोर होते. ढगांतील थेंब धूलिकणांभोवती बनतात, हे त्यातील विवेचन योग्यच होते.

आकाशाच्या निळेपणाचे स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्येच दाखवले होते की, अतिसूक्ष्म कणांकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा सुमारे नऊपटींहून अधिक विखुरतो. जांभळा प्रकाश सूर्यकिरणांत तुलनेने कमी असतो आणि डोळा त्याला कमी संवेदनशील असतो, म्हणून आकाश निळे दिसते. हे कण कोणते, हा प्रश्न शिल्लक होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये पत्राद्वारे हवेच्या रेणूंच्या संदर्भात तो उपस्थित केला, आणि १८९९ मध्ये रॅले यांनी हवेचे रेणू स्वतःच या कार्याला पुरेसे असल्याचे गणिताने दाखवले. धूळ पूर्णपणे काढून टाकली तरी पृथ्वीचे आकाश निळेच राहील. ते काळे होण्यासाठी हवाच नाहीशी व्हावी लागेल.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षातच झालेल्या या दुरुस्तीमुळे कोणाची अब्रू गेली नाही, कोणी न्यायालयात गेले नाही. धूळ की रेणू, हे कोणत्या गणनेने ठरेल यावर या क्षेत्रातील अभ्यासकांचे एकमत होते, आणि कोणाचीही प्रतिष्ठा धुळीच्या बाजूने पणाला लागलेली नव्हती.

याच ग्रंथात वॉलेस यांनी लसीकरणाला विरोध करणारे दीर्घ प्रकरणही समाविष्ट केले होते, हे विसरता येत नाही. बेडफर्ड लेव्हलवर पुराव्याची इतकी काटेकोर मांडणी करणारी व्यक्ती अन्य विषयात आग्रहाच्या आहारी जाऊ शकते. तेव्हा ‘विवेकी माणसे’ आणि ‘अविवेकी माणसे’ अशी सोपी विभागणी या इतिहासातून निघत नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, पुराव्याचे सामर्थ्य त्याच्या अचूकतेवर जितके अवलंबून असते, तितकेच ‘काय दिसल्यास मत बदलू’ या पूर्वसंमतीवर असते. दुसरी, पैज किंवा जाहीर आव्हान ही पद्धत मत बदलण्याची किंमत वाढवते. हॅम्पडेन यांना केवळ एक मत सोडायचे नव्हते, तर ५०० पौंड, सार्वजनिक प्रतिष्ठा आणि धर्मश्रद्धा ही सर्व एकाच वेळी सोडायची होती. तिसरी, अवकाशाचा काळोख आणि पाण्याचा सपाटपणा या दोन्ही ठिकाणी डोळे खोटे बोलत नाहीत. दृष्टीला जे दिसते त्याचा अर्थ लावण्याची पायरी मात्र वगळली जाते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. ‘अवकाश काळे का?’ असे विचारणारा विद्यार्थी हॅम्पडेन नसतो. तो टिंडल यांच्या श्रोत्यांपैकी एक असतो, आणि त्याला पराभूत करण्याची नव्हे तर झोताखाली ज्योत धरून दाखवण्याची गरज असते. वादाआधी त्याच्याकडून अपेक्षित दृश्य लिहून घेणे व नंतर प्रयोग करणे, ही खबरदारी १८७० मध्ये पूर्णपणे घेतली गेली नव्हती. ती घेतल्याने प्रत्येक हटवादी व्यक्तीचे मतपरिवर्तन होईल असे नाही, परंतु शेजारी उभे राहून पाहणाऱ्यांना निर्णय कशावर झाला हे कळेल. ज्ञानाचा प्रसार प्रायः या पाहणाऱ्यांमार्फतच होत असतो.