पाच मिलिमीटरचा तरंग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण संपले आणि सचिवालयाच्या दप्तरांमागोमाग अनेक मराठी कुटुंबे भोपाळला आली. त्याच सुमारास येथे अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना आकाराला येत होता. इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे तंत्रसाहाय्य घेऊन १९६० पासून तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे ‘भेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कारखान्याच्या नगरीलगत वाढलेली वसाहत म्हणजे आपली अवधपुरी. रोहित्र म्हणजे काय, हे येथील जुन्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. मात्र या घरांतील नातवंडे आज ज्या विद्येकडे वळत आहेत, तिचा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तो थोडक्यात मांडण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

रोहित्रातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. तिची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. आवर्तने १२० कोटी पटींनी वाढवली की तरंग पाच मिलिमीटरांवर येतो. या टापूतील तरंगांना मिलिमीटर तरंग म्हणतात. मोटारींच्या रडारमध्ये आणि अतिवेगवान बिनतारी संदेशवहनात आज त्यांचाच उपयोग होतो.

या तरंगांचे पहिले मोठे अभ्यासक भारतीय होते. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी तरंगांनी दूरची घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या उपकरणांतून निघणारे तरंग अवघ्या पाच मिलिमीटरांपर्यंत आखूड होते. साधने घरगुतीच होती. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक यांवर त्यांनी तरंगांच्या ध्रुवीकरणाचे प्रयोग केले. गॅलिना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या त्यांच्या ग्राहकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपयोगाचे ते अगदी आरंभीचे पेटंट होय. परंतु त्या पुढचा धागा आपल्या देशात कातला गेला नाही.

तो कातला गेला दोन मूलद्रव्यांच्या आधारे. १८७१ साली मेंडेलीव्हने सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घराचे गुणधर्म आधीच वर्तवले आणि संस्कृतातील ‘एक’ हा शब्द घेऊन त्या अज्ञात द्रव्याला ‘एकसिलिकॉन’ म्हटले. १८८६ मध्ये विंकलरला ते सापडले. त्याचेच नाव जर्मेनियम. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता आणि जॅक किल्बीने १९५८ मध्ये घडवलेला पहिला एकात्मिक परिपथही त्याचाच. नंतर सिलिकॉन पुढे गेला. कारण त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा उत्तम थर चढतो आणि तो उष्णताही अधिक सोसतो. जर्मेनियम मागे पडला.

दोघांना पुन्हा एकत्र आणणारी कल्पना जुनीच होती. हर्बर्ट क्रोमर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की ट्रान्झिस्टरच्या मधल्या थराची घडण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत नेली तर इलेक्ट्रॉनला उतार मिळतो आणि तो थर लवकर ओलांडतो. सिलिकॉनमध्ये हळूहळू वाढते जर्मेनियम मिसळले, की नेमका असा उतार तयार होतो. अडचण घडवण्यात होती. जर्मेनियमचे स्फटिकजाल सिलिकॉनपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी ऐसपैस असते. थर जाड झाला की त्यात स्फटिकदोष निर्माण होतात. १९८० च्या दशकात आयबीएमचे बर्नार्ड मायर्सन यांनी अतिनिर्वात पात्रात, कमी तापमानावर, अतिशय पातळ थर निर्दोष वाढवण्याची रीत बसवली. १९९० मध्ये त्या गटाने ७५ गिगाहर्ट्झचा ट्रान्झिस्टर दाखवला. कल्पनेला कारागिरीची वाट तीस वर्षे पाहावी लागली. क्रोमर आणि किल्बी २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अशा चिपची आखणी करणे ही वेगळीच विद्या आहे. घरातील तार फक्त वीज वाहून नेते. साठ गिगाहर्ट्झवर मात्र चिपमधील तरंग सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा असतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरची तारही परिपथाचा जिवंत घटक बनते. तिची लांबी, रुंदी, वळण, खालच्या धातूपासूनचे अंतर, सारे मोजावे लागते. शिवाय सिलिकॉनचा पाया तरंगाची शक्ती शोषतो; त्यापासून तारेला झाकून ठेवावे लागते. आखणारा आणि घडवणारा यांचा सतत संवाद नसेल, तर हे साधत नाही.

आपल्या देशात हा संवादच तोकडा राहिला. १९७७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सूक्ष्मतरंग उपकरणांसाठी विशेष कक्ष निघाला. त्यातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. पवईहून तिने रडारपासून कर्करोगावरील उपचारयंत्रापर्यंत कामे केली आणि बोसांच्या कोलकात्यात मिलिमीटर तरंगांसाठी केंद्रही चालवले. चिप घडवण्याचा मोठा प्रयत्न मोहालीला झाला; १९८९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्याला आग लागली आणि घडी विस्कटली. तेव्हापासून आपली मुले पुण्यात, बंगळुरात चिपा आखतात आणि त्यांतल्या बहुतेक परदेशात घडतात.

तरीही एक गोष्ट आशेची आहे. सिलिकॉन-जर्मेनियमला अतिसूक्ष्म रेषा लागत नाहीत. १३० नॅनोमीटरच्या, आता जुन्या समजल्या जाणाऱ्या रीतीतही त्याचे ट्रान्झिस्टर मिलिमीटर तरंगांचे काम करतात. पूर्व जर्मनीत १९८३ साली सुरू झालेल्या, ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमधील आयएचपी संस्थेने आपल्या अशाच रीतीची आखणीसामग्री सर्वांना खुली केली आहे. अवधपुरीतील विद्यार्थीही ती उघडून आखणीचा श्रीगणेशा करू शकतो.

आखण्याचे हात आपल्याकडे आहेत. उणीव घडवण्याच्या हातांची आहे. भोपाळच्या कारखान्यात मागच्या पिढीने नकाशा आणि कारागीर यांना एका छपराखाली आणले होते. तंत्र परक्यांकडून आले, पण ते हाती मुरले ते येथे रोज काम करून. कल्पनेचा पहिला मान बोसांमुळे आपल्याला मिळाला होता. तो पुरला नाही, हे सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे सांगणे आम्हांला नव्या पिढीच्या कानी घालावेसे वाटते.