प्रत्यक्ष पद्धतीची कुळकथा

परकी भाषा शिकवताना वर्गात मातृभाषेचा एकही शब्द उच्चारायचा नाही, हा नियम भाषावर्गांत आता इतका रुळला आहे की तो कुठून आला हे विचारायचे सहसा कुणाला सुचत नाही. विचारलेच तर बर्लिट्झची गोष्ट सांगितली जाते. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधून अमेरिकेत गेलेल्या माक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात भाषाशाळा काढली. फ्रेंच शिकवायला त्याने निकोलस जोली नावाचा माणूस पत्रव्यवहारावरूनच नेमला. जोली दाखल झाल्यावर कळले की त्याला इंग्रजी येतच नाही. बर्लिट्झने नेमके तेव्हाच अंथरूण धरले होते. वस्तूंकडे बोट दाखव, क्रिया करून दाखव, एवढे सांगून त्याने वर्ग जोलीच्या हवाली केला. काही आठवड्यांनी तो परतला तेव्हा विद्यार्थी फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरे करत होते. ही हकीकत खुद्द त्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणली आहे. ती घडलीही असेल. पण तिच्यामुळे ही ‘प्रत्यक्ष पद्धत’ अपघातातून जन्मली असा समज पसरला, तिचे खरे कूळ झाकले गेले आणि तिच्या एका सोयीला तत्त्वाचा मान मिळाला, असे मला वाटते.

नकाशा पाहिला तरी अपघाताच्या गोष्टीबद्दल शंका येते. प्रॉव्हिडन्सच्या एका बाजूला बॉस्टन आहे आणि दुसऱ्या बाजूला न्यू हेवन. न्यू हेवनमध्ये गॉटलीब हेनेस या जर्मन शिक्षकाने १८६६ मध्येच जर्मनचा असा वर्ग सुरू केला होता. त्याला फ्रेंचसाठी लाम्बेर सोव्हरची जोड मिळाली आणि १८६९ मध्ये दोघांनी बॉस्टनला भाषाशाळा उघडली. विद्यार्थ्यांशी होणाऱ्या फ्रेंच गप्पांवरचे सोव्हरचे पुस्तक १८७४ मध्ये छापून निघाले, म्हणजे जोली येण्याच्या चार वर्षे आधी. याच टापूत भाषा शिकवणाऱ्या बर्लिट्झच्या कानावर यातले काहीच आले नसेल, हे मला पटत नाही. हेनेसची पद्धत कुठली, हे शोधत गेले की आपण पेस्टालोझीपाशी पोचतो. आधी वस्तू हातात द्यावी, ती न्याहाळू द्यावी आणि मग तिच्याविषयी बोलते करावे, ही या स्विस शिक्षणतज्ज्ञाची वस्तुपाठाची रीत. दक्षिण जर्मनीत घरी बोलीभाषा बोलणाऱ्या मुलांना प्रमाण जर्मन शिकवायला हेनेसने ती वापरली होती. हा धागा फार मोलाचा आहे. ज्या वर्गात ही रीत घडली तिथे भाषांतराचा प्रश्नच नव्हता, कारण बोली आणि प्रमाणभाषा या सख्ख्या बहिणी होत्या. भाषांतराला मनाई करावी असे तिथे कुणी ठरवलेले नव्हते. तिथल्या मुलांना ते लागतच नव्हते.

मनाईचा आवेश आला तो प्रतिपक्षामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय शाळांत जिवंत भाषाही लॅटिनसारख्या शिकवल्या जात: एक नियम, एक शब्दयादी आणि त्या नियमापुरती रचलेली, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये भाषांतराला. ओलेनडॉर्फच्या नावाची पुस्तके याच साच्याची होती. महाराष्ट्राला हा साचा चांगला ओळखीचा आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रा. गो. भांडारकरांची संस्कृतची पाठ्यपुस्तके त्याच घडणीची. या साच्याचे वैगुण्य फ्रान्स्वा गुएँने १८८० च्या पुस्तकात स्वतःच्या फजितीसह मांडले. हॅम्बुर्गला जाऊन त्याने जर्मन व्याकरण पाठ केले, पुढे शब्दकोशही पाठ केला, आणि तरीही समोर चाललेले बोलणे त्याला उमगेना. घरी आल्यावर मात्र त्याला दिसले की आपण नसताना घरातले लहान मूल बोलायला शिकले आहे. दोनच वर्षांनी विल्हेल्म फिएटोरने टोपणनावाने पत्रक काढून भाषाशिक्षणाने उलट दिशेने वळावे अशी मागणी केली: आधी बोलणे आणि उच्चार, सुट्या वाक्यांऐवजी सलग मजकूर, आणि नियम उदाहरणांमधून.

यावर आपल्याकडचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की भाषांतर करत शिकलेल्या पिढ्यांनीच उत्तम इंग्रजी आणि संस्कृत आत्मसात केले. मग त्या पद्धतीला नावे का ठेवायची? आक्षेपातले सत्य मी पुरते मान्य करतो. बारीक वाचन, दोन भाषांच्या वाक्यरचनेतला भेद आणि शब्द तोलून वापरण्याची शिस्त या गोष्टी त्या पाठमालांनी दिल्या, आणि मराठी गद्यालाही त्याचा लाभ झाला. पण ते यश मुख्यतः वाचणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे होते. ऐकताच समजणे आणि विचार करताकरता बोलणे हे वेगळे कसब आहे. ते त्या भाषेत ऐकल्या-बोलल्यावाचून येत नाही, हे गुएँच्या फसलेल्या प्रयोगाने पुरेसे दाखवले.

दुसरा युक्तिवाद उलट बाजूचा आहे: मूल भाषांतराशिवाय शिकते, म्हणून प्रौढानेही तसेच शिकावे. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन या बाजूचा आवडता साक्षीदार. त्याच्या वडिलांनी त्याला फ्रेंच न येणाऱ्या जर्मन शिक्षकाच्या स्वाधीन केले आणि आईसकट घरच्या सगळ्यांना, नोकरांनाही, त्याच्याशी मोडक्यातोडक्या का होईना पण लॅटिनमध्येच बोलायला लावले. मुलगा लॅटिन बोलू लागला खरा. मात्र बोर्दोच्या शाळेत गेल्यावर आपले लॅटिन बिघडत गेले, हेही माँतेननेच लिहून ठेवले आहे. म्हणजे तिथे फळाला आली ती दिवसभराची सोबत. आठवड्याच्या चार तासिकांत नुसती मनाई लागू करून ती सोबत तयार होत नाही. माझ्या दृष्टीने याहून बोलका पुरावा जेरुसलेमचा आहे. तिथे निसीम बेहारच्या शाळेत १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एलिएझेर बेन-येहुदाने हिब्रूतूनच हिब्रू शिकवायला घेतली. त्या शहरातले काही यहुदी लादिनो बोलत, काही यिद्दिश, काही अरबी. भाषांतर करायचे तर कोणत्या भाषेत? सर्वांना सामाईक अशी दुसरी भाषाच नव्हती, आणि म्हणून भाषांतर वर्ज्य करणे हा तिथे हट्ट नव्हता, गरज होती. नाना भाषांचे प्रौढ एकत्र बसतात अशा कोणत्याही वर्गात ती गरज आजही खरी आहे.

ती गरज नाही तिथे सक्ती केली की काय होते, ते फ्रान्समध्ये दिसले. १९०२ च्या सुधारणांनी सरकारी माध्यमिक शाळांना प्रत्यक्ष पद्धती बंधनकारक केली. १९२५ च्या सूचनांत ते बंधन सैल करावे लागले. हेन्री स्वीटसारखा ध्वनिशास्त्रज्ञ बोलण्याला अग्रक्रम देऊनही भाषांतराला हद्दपार करायला तयार नव्हता. बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए इथे बर्लिट्झच्या धर्तीच्या शाळेत शिकवायला लागलेला हॅरल्ड पामर पुढे या मनाईचा टीकाकार झाला. त्याच्या टीकेतला मुद्दा कुठल्याही शिक्षकाला पटावा. पेन्सिलीकडे बोट दाखवून शब्द उच्चारला, तर विद्यार्थ्याने त्याचा अर्थ पेन्सिल असा घ्यावा, लाकूड असा, की लांब असा? ‘कदाचित’ किंवा ‘तरीही’ यांच्याकडे तर बोट दाखवताच येत नाही. अशा जागी विद्यार्थी मनातल्या मनात भाषांतर करतोच, आणि शिक्षक गप्प राहिला तर अनेकदा चुकीचे करतो. एका शब्दात सांगून पुन्हा नव्या भाषेत परतणे अधिक प्रामाणिक आहे आणि वेळही वाचवते. पेस्टालोझीच्या रीतीला याने बाध येत नाही. तिचा भर अर्थ अनुभवातून यावा यावर होता.

आपल्याकडे ही पद्धत आणू पाहणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला पी. सी. रेन होता. पहिल्या महायुद्धाआधी त्याने भारतीय शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने शिकवण्यावर पुस्तक लिहिले. ते आज फारसे कुणाच्या हाती दिसत नाही. पुढे मार्टिनसह त्याच्या नावावर निघालेले व्याकरण मात्र घराघरांत पोचले. कारण मला उघड दिसते. व्याकरणाचे पुस्तक शिक्षकावाचूनही चालते. प्रत्यक्ष पद्धत मात्र शिक्षकाच्या जिभेवर आणि वर्गाच्या आकारावर उभी असते. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा हाच प्रश्न गावोगावच्या शिक्षकांपुढे उभा राहिला. मुलांकडून इंग्रजीत कृती करून घ्यायच्या, गाणी म्हणवून घ्यायची, तर आधी शिक्षकाला न अडखळता बोलता यायला हवे, आणि त्यासाठी त्याला स्वतःला ती भाषा बोलायला भरपूर वेळ आणि सोबत मिळायला हवी. ते न देता त्याने वर्गात मराठी बोलू नये असा दंडक घातला, तर तो इंग्रजीही कमी बोलतो, कारण समजावण्याचा मार्ग बंद झाल्यावर त्याला पुस्तकातली ओळ वाचून दाखवण्याखेरीज काही उरत नाही. अशा शिक्षकाने एखादा अवघड शब्द खुशाल मराठीत सांगावा, आणि लगेच त्याच शब्दावर मुलांना इंग्रजीत पाच प्रश्न विचारावेत.