ट्रायल्स मोटारसायकल : जुन्नर व आंबेगाव परिसर

खडक, ओढ्याचे पात्र, उभा चढ, झाडांची मुळे अशा अडथळ्यांवरून, पाय जमिनीला न टेकवता, अत्यंत संथ वेगाने पार होण्यासाठी बनवलेली हलकी दुचाकी. तिच्या स्पर्धेत पुढे कोण गेले हे पाहत नाहीत. तोल किती वेळा गेला हे मोजतात. मोटोक्रॉस आणि एंड्युरो हे खडतर वाटेवरचेच प्रकार, पण त्यांत घड्याळाशी झुंज असते. ट्रायल्समध्ये काही पावलांची वाट पार करायला मिनिटभर लागू शकते, आणि तेवढ्या मिनिटात क्लच, ब्रेक, गुडघे व नजर यांचा सगळा कस लागतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील भूमी या प्रकाराला फार अनुकूल आहे. तिथली कोणती जमीन चाकाखाली घ्यावी आणि कोणती घेऊ नये हा प्रश्न मात्र गाडीच्या निवडीहून मोठा आहे.

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले. एकावर एक साचलेले हे थर कमीअधिक झिजून डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन या किल्ल्यांचे ताशीव कडे ही त्याची मोठी रूपे. ओढ्यांतले गुडघाभर उंचीचे कातळाचे टप्पे ही छोटी. ट्रायल्सच्या चालकाला हवे असतात ते हे छोटे टप्पे. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि कातळावर शेवाळ धरते. पूर्वेला आणे-बेल्हे भागात पाऊस तुटपुंजा, माळ मुरमाड. मधल्या पट्ट्यात कुकडी, मीना आणि घोड यांची खोरी, माणिकडोह, वडज व डिंभे ही धरणे, आणि कालव्यांवर पोसलेला ऊस, टोमॅटो, कांदा. एकाच तालुक्यात ओला कातळ, सुटी खडी, चिकण आणि मुरूम अशी चारही प्रकारची जमीन मिळते आणि प्रत्येकीवर टायरची पकड वेगळी असते.

या खेळाचा उगम ब्रिटनमध्ये झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल वाटेत बंद न पडता किती टिकते हे पाहण्यासाठी विश्वासार्हतेच्या चाचण्या घेत. १९०९ मध्ये सुरू झालेली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल आणि १९१४ ची यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायल या त्यांतल्या आजही चालणाऱ्या स्पर्धा. पुढे बुल्टाको, माँटेसा, ओसा या स्पॅनिश कंपन्यांनी हलक्या टू-स्ट्रोक गाड्या आणल्या आणि जड ब्रिटिश गाड्या मागे पडल्या. जागतिक अजिंक्यपद १९७५ पासून खेळले जाते. पहिले विजेते इंग्लंडचे मार्टिन लॅम्पकिन. स्पेनच्या टोनी बोऊ याने २००७ ते २०२४ या काळात एकही वर्ष ते हातचे जाऊ दिले नाही.

भारतीय वाचकाला या इतिहासातली एक गाडी चांगली ओळखीची आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म असलेली रॉयल एनफिल्ड बुलेट १९४८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली ती ट्रायल्सच्याच मैदानात. जॉनी ब्रिटन याने १९५२ आणि १९५७ मध्ये याच कंपनीच्या गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. भारतीय लष्कराच्या मागणीतून पुढे मद्रासला बुलेट बनू लागली, पण तोवर ती रस्त्याची गाडी झाली होती. २०१९ मध्ये कंपनीने बुलेट ट्रायल्स नावाचे प्रारूप काढले. वर उचललेला सायलेन्सर आणि खोल नक्षीचे टायर यांपलीकडे त्यात ट्रायल्सचे फारसे काही नव्हते आणि ते लवकरच बंद झाले. वजनाचा विचार करता ती गाडी कातळावर नेण्याची शिफारस करता येत नाही.

आजची खरी ट्रायल्स गाडी ६५ ते ७५ किलोंची असते. तिला बसायला सीट नसते, कारण चालक सतत उभा असतो. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. इंजिन १२५ ते ३०० सीसीचे, बहुधा टू-स्ट्रोक, खालच्या फेऱ्यांवर जोर देणारे. खालचे गिअर इतके आखूड की पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालते. पोटाखाली जाड ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, कारण इंजिन खडकावर आपटणार हे गृहीतच धरलेले असते. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची. मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा ४ ते ५ पीएसआय इतकीच. हाताने दाबला तर टायर आत जातो, आणि दगडाच्या कडेवर चढताना रबर तिला लपेटून धरते. इंजिन बंद करणारे बटण दोरीने मनगटाला बांधलेले असते. चालक पडला की दोरी सुटते आणि इंजिन तत्काळ थांबते.

अशी यंत्रे आली नव्हती तेव्हाही या डोंगरांत दुचाकी चढतच होती. एस्कॉर्ट्सची राजदूत आणि बजाजची एम-८० या टू-स्ट्रोक गाड्यांवर दुधाचे कॅन लादून वाड्यावस्त्यांवरून खाली उतरणारे दूधवाले ग्रामीण महाराष्ट्राने अनेक वर्षे पाहिले. पांदीतल्या चिखलात हाफ क्लचवर गाडी जिवंत ठेवणे, मागचे चाक घसरले की रेस न वाढवता अंग पुढे टाकणे, उतारावर इंजिनच्या ओढीने गाडी आवरणे ही ट्रायल्सची मूळ कौशल्ये त्यांनी पोटासाठी कमावली. त्यांना कोणी गुण दिले नाहीत. तरीही या तालुक्यांतील ट्रायल्सची पूर्वपीठिका लिहायची तर ती त्यांच्यापासूनच लिहिली पाहिजे, असे या नोंदकाराचे ठाम मत आहे.

गाडी मिळवणे हा पहिला अडसर. जुन्नरला जाणारा पुणे-नाशिक महामार्ग ज्या चाकणमधून जातो, तिथे बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात. ट्रायल्ससाठी जगभर नावाजलेली गॅसगॅस ही स्पॅनिश कंपनी २०१९ पासून केटीएमच्या समूहात आहे, आणि बजाजने केटीएममध्ये पहिली गुंतवणूक केली ती २००७ मध्ये. इतकी जवळीक असूनही ट्रायल्स गाडी हवी असेल तर ती आयातच करावी लागते. १६०० सीसीपर्यंतच्या तयार मोटारसायकलींवरचे मूळ सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० वरून ४० टक्क्यांवर आले, तरी इतर कर धरता किंमत जडच राहते. स्पर्धेसाठी बनलेल्या गाडीला रस्त्यासाठीची मान्यता नसते, म्हणून आरटीओत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ती एक मीटरही चालवता येत नाही. गाडी पिकअपमध्ये दोऱ्यांनी करकचून बांधून न्यावी लागते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणणाऱ्या पिकअपना तोटा नाही, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्न इथे तुलनेने सोपा आहे.

बहुतेकांना परवडणारा मार्ग म्हणजे नोंदणी होणारी, कच्च्या वाटेला योग्य अशी गाडी. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आलेली गाडी त्यासाठी सर्वांत सोयीची. तिची चाके ट्रायल्ससारखीच २१ आणि १८ इंची आहेत, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. पण वजन दीडशे किलोंच्या वर, म्हणजे ट्रायल्स गाडीच्या दुपटीहून जास्त. हिच्यावर तोल, क्लच आणि वाट निवडणे शिकता येते. गुडघ्याच्या वरचा टप्पा चढण्याचा हट्ट धरू नये. फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे. मूळ नोंदणीशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढचे स्प्रॉकेट एक-दोन दात लहान केले तर गाडी संथ चालते. तेवढा बदल सुरुवातीला पुरतो.

स्पर्धेतील फीत बांधून आखलेल्या टप्प्याला सेक्शन म्हणतात. चालकाला तो आधी पायी फिरून पाहता येतो, आणि अनुभवी चालक त्यावर गाडी चालवण्याहून जास्त वेळ घालवतात. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा २, त्याहून जास्त वेळा ३. गाडी पडली, फितीबाहेर गेली किंवा टप्पा अपुरा राहिला तर ५. कमीत कमी गुणांचा चालक विजयी.

मांडीइतक्या उंचीचा कातळाचा टप्पा कसा चढतात, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चालक पायदानांवर उभा, गुडघे सैल, क्लचवर एक बोट, पुढच्या ब्रेकवर एक बोट. गाडी टप्प्याशी काटकोनात आणायची. तिरपी आली तर मागचे चाक बाजूला सरकणार. चाकभर अंतर उरले की गुडघे वाकवून शॉकअप दाबायचे, आणि ते उसळत असतानाच रेस देऊन क्लच सोडायचा. पुढचे चाक उचलले जाऊन टप्प्याच्या वरच्या कडेवर टेकते. इथे नवशिका रेस धरून ठेवतो आणि गाडी अंगावर येते. करायचे असते उलटे. रेस कमी करून अंग पुढे न्यायचे आणि मागचे चाक कातळाला थडकण्याच्या क्षणी पाय सरळ करून गाडीवरचे ओझे काढून घ्यायचे. मऊ टायर कड पकडतो, मागचा भाग स्वतःहून वर येतो, आणि वर येताच क्लच ओढला की गाडी जागच्या जागी उभी राहते. कोरड्या कातळावर हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. शेवाळलेल्या कातळावर हाच प्रयत्न आठवडाभर फसू शकतो, कारण तिथे क्लच केसभर जास्त सुटला तरी चाक जागीच फिरते.

देखभालीत इथला मोठा शत्रू धूळ. होळीच्या सुमारास मुरमाची तांबूस भुकटी स्पंजच्या एअर फिल्टरमध्ये इतकी बसते की पिळल्यावर पाणी चहासारखे निघते. फिल्टर प्रत्येक वापरानंतर काढावा, साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा आणि फिल्टरचे तेल सगळीकडे सारखे चोळून बसवावा. पेट्रोलने धुण्याची सवय गॅरेजांत आढळते; तिने स्पंजचे जोड सुटतात. फिल्टर कोरडा बसवला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन, रिंगा, बोअर सगळेच घासते. पुढच्या फोर्कची सीलही हीच धूळ खाते. ओढ्यातून गेल्यावर चाकांची बेअरिंगे आणि मागच्या शॉकअपचे सांधे उघडून ग्रीस बदलावे. आऱ्या हाताने टिचकी मारून तपासाव्यात. सैल आरीचा आवाज बद्द येतो.

हवा मोजण्याची अडचण वेगळीच आहे. पंक्चरच्या दुकानातला मीटर ४-५ पीएसआय नीट दाखवतच नाही, म्हणून कमी दाबाचा मीटर आणि हातपंप स्वतःजवळ ठेवावा लागतो. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, ते कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. राजदूतच्या काळात हात बसलेला मिस्त्री सवयीने बरेच जास्त घालतो, आणि त्याने प्लग काळा होतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. असे असले तरी टू-स्ट्रोक इंजिन उघडून बसलेले जुने मिस्त्री हा या भागाचा ठेवा आहे. भाग परदेशातून यायला वेळ लागतो. तोवर इंजिनाची कुरकुर कानाने ओळखणारा माणूस फार उपयोगी पडतो.

जागेच्या बाबतीत संदिग्धता नको. भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. शेकरूचे हे घर. तिथे परवानगीविना प्रवेशावर वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. राखीव वनातही वाटेल तिथे गाडी घालता येत नाही. शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाटाची लेणी ही केंद्राची संरक्षित स्मारके; तिथे वाहन नेणे गुन्हा आहे, आणि सातवाहनकाळापासून माणसा-जनावरांच्या पायांनी घडलेली घाटवाट टायरखाली घेणे हे कायदा नसता तरी लाजिरवाणेच ठरले असते. आहुपे परिसरातल्या देवराया गावाने राखल्या आहेत. पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी शेतकरी उतारावर पडकई करून भातखाचरे घडवतात. त्यांचे बांध एका चाकाच्या घसरणीने फुटतात आणि पुन्हा घालायला अंगमेहनतीचे दिवस जातात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. पावसाने भिजलेल्या उतारांवर खेळ मांडायचा नाही, हे तिथल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

उरते ती खासगी जागा : स्वतःचे पडीक रान, किंवा काम थांबलेली दगडखाण, मालकाच्या लेखी संमतीने. खाण सर्वांत चांगली. कातळाचे टप्पे तयार मिळतात, माती वाहून जाण्याचा धोका नसतो, आवाज भिंतींत अडतो. पावसाळ्यात खाणींत पाणी साचते आणि त्याच्या खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून तेव्हा टाळावे. दिवाळी ते माघ हा उत्तम काळ. पुढे गवत वाळते आणि तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो. त्या दिवसांत पाण्याचा कॅन आणि ओली पोती हाताशी ठेवावीत. उसाच्या कडेला दिवस मावळल्यावर थांबू नये, कारण जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर दाट आहे.

हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे व कोपराचे संरक्षक हे कमी वेगातही हवेतच. इथल्या दुखापती बहुधा गाडी आणि खडक यांत पाय सापडून होतात. एकट्याने जाऊ नये. पश्चिमेकडच्या खोऱ्यांत मोबाइलची रेंज भरवशाची नाही आणि उपजिल्हा रुग्णालय मंचरला आहे. म्हणून दोघांपैकी एक जण गाडीवर असताना दुसऱ्याने खाली, टप्प्याच्या बाजूला, गाडी पडण्याच्या दिशेबाहेर उभे राहावे, आणि पिकअपचा चालक गाडीजवळच थांबलेला असावा.